शेवटच्या कादंबरीचा रविवार
ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आयर्लंडमधली घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे जातात, आणि मला बाबांचा इस्त्रीचा शर्ट आठवतो. दोन हजार वीस साल होतं. लॉकडाउनमुळे मला इथल्या ॲडम्सटाउनच्या घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी होती आणि तिकडे पुण्यात बाबाही घरात अडकलेले. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेला माणूस गप्प कसा बसणार? दर रविवारी त्यांच्या संध्याकाळी साडेसातला, म्हणजे माझ्या दुपारी तीनला, ते व्हिडिओ कॉलवर आपल्या लाडक्या अमेरिकन कादंबरीकाराबद्दल सांगत. त्याचं गरीब बालपण, दारू, मोडलेली लग्नं, आणि दर खेपेला एक कादंबरी. त्या रविवारी शेवटचीच उरली होती. मी चहा घेऊन बरोबर तीनला फोन लावला. आई म्हणाली, "अगं, साडेसातपासून शर्ट घालून, वही उघडून बसलेत. साडेआठ झाले!" इथलं घड्याळ बदलल्याचं कळवायचं माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. "असू दे गं," बाबा खोकत म्हणाले, "आता बोलवत नाही. त्यानं आजारपणात लिहिलीय ती, उरकून टाकायला नको. पुढच्या रविवारी बोलू." बुधवारी त्यांना कोविड वॉर्डात नेलं. त्यांचे अंत्यसंस्कार मी त्याच फोनवर पाहिले. ती कादंबरी मी अजून उघडलेली नाही. काल शेजारीण खुशीत म्हणाली, उद्या तासभर जास्त झोपायला मिळणार! मीही इथल्या लोकांसारखं "ग्रँड", म्हणजे छानच, म्हणाले. त्या तासात बाबा वही उघडून बसलेले असतात.