मुलाणी सर आणि कुलपाबाहेरची रांग

प्रा. दिलावर मुलाणी सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते बारामतीत, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात. नरसिंहपूरच्या मराठी शाळेतून शिकून आलेला मी मागच्या बाकावर बसत असे. इंग्रजी पुस्तकातली वाक्यं वाचता येत, पण त्यांचा अर्थ तास संपेपर्यंत माझ्यापर्यंत पोचत नसे. त्या दिवशी सर आत आले, खिशातून एक पितळी कुलूप काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "हे कशाची राखण करतं?" कुणी म्हणालं दाराची, कुणी म्हणालं घराची. मी कसाबसा उठून म्हणालो, "आतल्या वस्तूची."

"बरोबर. मग आधी आत काय हाय ते बघायचं. कुलपाचं नंतर."

आपल्या बोलीत 'हाय' म्हणणारा प्राध्यापक मी तोवर पाहिला नव्हता. हा विषय मराठीतून विचार करून समजू शकतो, हे मला त्या तासाला कळलं. आज सरांना साठ वर्षं पूर्ण होत असताना हा लेख मी लिहू शकतो आहे, त्याची सुरुवात तिथे झाली.

सरांचं काम काय, असं आमच्या भागातली माणसं अजून विचारतात. साध्या शब्दांत सांगतो. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा जो गाभा असतो, त्याला कर्नेल म्हणतात. आजच्या संगणकात अनेक प्रोसेसर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, एकाच वेळी राबत असतात. दोघांनी एकाच नोंदीत एकदम हात घातला तर नोंद बिघडते. म्हणून तिला कुलूप असतं, म्हणजे लॉक. एकजण आत जातो, बाकीचे थांबतात. प्रोसेसर थोडे असतात तोवर हे ठीक चालतं. ते वाढले की थांबणारे सगळेच "उघडलं का, उघडलं का" म्हणून त्याच एका कुलपाकडे धाव घेतात आणि त्या गर्दीत, ज्याचं काम चालू आहे त्यालाच वाट मिळेनाशी होते. यंत्र मोठं घेतलं, तरी काम हळू होतं. हे होऊ नये म्हणून सरांनी आयुष्यातली उमेदीची वर्षं दिली.

महाविद्यालय सोडून सरांनी बारामतीत भाड्याच्या दोन खोल्यांत, जगभरातले लोक मिळून घडवतात अशा एका खुल्या कर्नेलचं काम करणारा एक लहानसा गट उभा केला. पुण्यातली नोकरी सोडून मीही तिथे आलो. सरांची कामाची एक रीत होती. कुणीही नवं कुलूप घालायला निघालं, की ते आधी विचारत, "ही वस्तू खरंच सगळ्यांची हाय का?" एकदा आमच्यातल्या एकाने सगळ्या प्रोसेसरांना मिळून एकच मोजणी ठेवायला लावली होती आणि तिला फार सुरेख कुलूप घातलं होतं. सरांनी कुलपाचं कौतुक केलं आणि मग म्हणाले, "एकाच पाटीवर सगळ्यांनी कशाला लिहायचं? ज्यानं त्यानं आपापल्या पाटीवर लिहावं. कुणी बेरीज मागितली तर तेव्हा करू." ते सुरेख कुलूप गेलं आणि काम झपाट्याने चालू लागलं. जे आपलं आहे ते आपल्यापाशी ठेवावं आणि सामायिक असेल तेवढ्यालाच जपून हात लावावा, ही गोष्ट मी संगणकापुरती शिकलो नाही.

पण सरांचं नाव झालं ते त्यांच्या रांगेच्या लॉकमुळे. कुलपाशी गर्दी करण्यापेक्षा येणाऱ्याने रांगेत उभं राहावं, फक्त स्वतःच्या जागेकडे लक्ष ठेवावं आणि पुढच्याने निघताना मागच्याला खूण करावी. कल्पना जगात आधीपासून होती. तिला आमच्या कर्नेलमध्ये नीट बसवलं सरांनी. सरांच्या वडिलांची बावड्याला पिठाची गिरणी होती. तिथे डबे ओळीने लागत आणि पाटील आला तरी ओळ मोडत नसे. "अब्बांनी नंबर कधी मोडला न्हाय," हे वाक्य आम्ही सरांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल! लॉकमधली रांगही त्यांनी तशीच कडक ठेवली.

तीच कडक रांग पुढे अडचणीची ठरली. एका मोठ्या यंत्रावर अनेक आभासी यंत्रं चालवायची पद्धत वाढली, आणि त्यांत खऱ्या यंत्राचा वेळ सगळ्यांना पुरावा म्हणून एखाद्या प्रोसेसरला मधेच झोपवून ठेवतात. आपला नंबर आला हे त्या झोपलेल्याला कळत नाही आणि त्याच्यामागे जागे असलेले सगळे उभेच राहतात. तक्रारी येऊ लागल्या. कर्नेलच्या त्या भागाची जबाबदारी असलेल्या परदेशी प्रमुखांनी सगळ्यांच्या ईमेल-चर्चेच्या यादीवर लिहिलं, की पुढच्या आवृत्तीपर्यंत तोडगा निघाला नाही, तर हा लॉक काढून जुना परत बसवू. सरांची अनेक वर्षांची मेहनत एका बदलाने पुसली जाणार होती. सर त्या दिवशी नेहमीप्रमाणे जुम्म्याच्या नमाजाला जाऊन आले आणि परत खुर्चीत बसले.

इंदापूरची स्वाती आमच्यात वयाने सर्वांत लहान. तिने सुचवलं की झोपलेल्याला ओलांडून जाग्याला आत जाऊ द्यावं. सरांनी साफ नकार दिला. तरीही तिने तसं करून, चाचणी घेऊन दाखवलं. वेग चांगलाच वाढला होता. सरांनी मात्र त्या चाचणीत मागे पडलेला एक प्रोसेसर शोधून काढला. जागे असलेले एकामागून एक येत होते आणि त्याचा नंबर कधी लागतच नव्हता.

"बघ, हा बिचारा कवाचा उभा हाय," सर म्हणाले.

"तुमच्या रांगेत सगळेच उभे आहेत की, सर."

"उभे असले तरी न्यायानं उभे हायत."

"झोपलेल्याला न्याय आणि जाग्याला शिक्षा, हे कुठलं?" स्वाती मागे हटेना. आम्ही बाकीचे संगणकाच्या पडद्यांत तोंड घालून बसलो होतो. मग तिनेच विचारलं, "सर, एक सांगा. गिरणीत डब्याचा मालक जागेवर नसला तर तुमचे अब्बा काय करायचे?"

"जाड की बारीक, हे मालकाला विचारल्याबिगर अब्बा दळत नव्हते."

"म्हणजे गिरणी मोकळी फिरायची?"

"मोकळी कशी फिरंल? दगडावर दगड घासतो मग." सर थबकले. "हाक मारायचे. न्हाय आला, तर मागचा जो हजर असंल त्याचं घ्यायचे."

"मोडला की मग नंबर!"

सर तिच्याकडे पाहत राहिले आणि मोठ्याने हसले. मग आठवत आठवत म्हणाले, "पर त्याचा डबा मागं न्हाय सारायचे. हितंच, पुढं ठिवायचे. आन तो आला की पयलं त्याचं. मग कुणी का येईना, त्याला पुन्हा डावलायचं न्हाय. व्हय, असंच हुतं. मी अर्धंच ध्यानात ठिवलं गं."

त्या वाक्यात तोडगा होता. जाग्याने ओलांडून जावं, पण झोपलेला जागा होऊन एकदा कुलपाशी आला आणि ते बंद सापडून त्याला थांबावं लागलं, की त्यानंतर कुणालाही त्याच्या पुढे जाता येऊ नये. पुढचे काही आठवडे सर आणि स्वाती शेजारी शेजारी बसून त्यावर काम करत होते. वेग टिकला आणि नंबराविना कुणी उपाशीही राहिलं नाही.

बदल पाठवायची वेळ आली, तेव्हा आम्हाला काम देणाऱ्या कंपनीतल्या एका गृहस्थांनी सुचवलं, की कर्ता म्हणून सरांचं नाव घाला, नवख्या मुलीच्या नावावर एवढा मोठा बदल कुणी घेणार नाही. लॉक राहतो की जातो, याचाच तो प्रश्न होता आणि सरांच्या नावाला खरोखरच वजन होतं. सर एवढंच म्हणाले, "वजन कामाला असू द्या." कर्ती म्हणून स्वातीचं नाव गेलं. सोबत सरांनी स्वतः लिहिलं, की कडक रांगेचा आग्रह माझा होता, चूक माझी होती आणि ती स्वातीने दाखवून दिली. यादीवर चर्चा झाली, शंका निघाल्या. त्यांना उत्तरं स्वातीनेच द्यावीत, असा सरांचा हट्ट होता. अखेर बदल स्वीकारला गेला. सरांचा लॉक आज कर्नेलमध्ये आहे तो स्वातीच्या दुरुस्तीसह. ही बातमी आली तेव्हा सरांनी तिला पेढे आणायला पाठवलं आणि पैसे देऊ केले. ती म्हणाली, "आज माझ्याकडून." सर म्हणाले, "मग अर्धा किलो जास्त आण."

व्यक्तिगत ऋणाविषयी लिहायला संकोच वाटतो, तरी एक लिहितो. रमजानात सर रोजा धरत, पण कार्यालयातला चहा त्यांनी कधी बंद होऊ दिला नाही. "रोजा माझा हाय, तुमचा न्हाय," असं म्हणून कप पुढे सारत. माझा एकादशीचा उपवास त्यांच्या घरीही ठाऊक होता. सांगवीच्या आपल्या घरून येताना ते डब्यात वरीचा भात आणि दाण्याची आमटी घेऊन येत, आणि वहिनींनी भांडी वेगळी घासून घेतली आहेत हे आवर्जून सांगत. मी कधी तसं विचारलं नव्हतं. माझी श्रद्धा त्यांना न विचारता कळत होती आणि ती त्यांनी माझ्यापेक्षा जपली.

या वर्षी सरांनी त्या लॉकची देखभाल स्वातीकडे सोपवली. आम्ही म्हटलं, अजून काही वर्षं तुम्हीच पाहा. ते म्हणाले, "मी हितंच हाय की. पर निर्णय तिचा." परवा त्यांनी सुचवलेला एक बदल स्वातीने नाकारून परत पाठवला. सरांनी मला मुद्दाम बोलावून तिचं उत्तर वाचायला दिलं. नातवाचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसा त्यांचा चेहरा होता.

गेल्या पौर्णिमेला मी नीरा-भीमेच्या संगमावर स्नान करून नरसिंहाच्या दर्शनाला गेलो. देवापुढे सहसा मी काही मागत नाही, नुसता हात जोडून उभा राहतो. या वेळी सरांसाठी मागितलं. त्यांची नजर शाबूत राहो, गुडघ्यांची कुरकूर थांबो, शंभरी त्यांनी हिंडत-फिरत पाहावी. आणि त्यांना तोंडावर "सर, हे चुकलं" म्हणणारं कुणीतरी अखेरपर्यंत त्यांच्याजवळ असो. तेवढं ज्यांना आनंदाने ऐकता येतं अशी माणसं फार नाहीत, आणि त्यांतलं एक आमच्या वाट्याला आलं.