आभाळातल्या ठेसनावरचा डोंगेवाला

माझी माय मासे विकायची आणि तिला अंतराळातली मालिका आवडायची. हे मी शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगितलं की बाकीच्या शिक्षिका हसतात. हसू देत. त्या स्वतः ज्या मालिका बघतात त्यांतल्या बायका झोपतानाही नथ घालून झोपतात, त्याचं मात्र त्यांना काही वाटत नाही.

आमचं गाव चामोर्शीच्या पुढे, मार्कंड्याच्या वाटेवर, मालगुजारीच्या काळातल्या एका मामा तलावाच्या काठाला आहे. बाप लवकर गेला. मग माझ्याहून मोठा भाऊ, त्याचा डोंगा, म्हणजे मासे धरायची लहान होडी, आणि मायची बाजारातली टोपली यांवर घर चाललं आणि मी शिकले. घरावर टीव्हीची छत्री भावानेच बसवली. दुपारी जाळं वाळत घालून तो जेवायला बसायचा आणि नेमकी त्याच वेळी ती परदेशी मालिका हिंदीत लागायची. काळ्याकुट्ट आभाळात एक भलंमोठं स्थानक आणि त्यावर ग्रहाग्रहांवरून आलेली माणसं, काही निळी, काही खवल्यांची. भाऊ मायला समजावून सांगायचा. मायने त्याचं नाव ठेवलं आभाळातलं ठेसन.

त्या ठेसनावर एका छोट्या यानाचा चालक होता. मोठ्या जहाजातून माणसं उतरवून आणायची आणि परत नेऊन सोडायची, एवढंच त्याचं काम. तो कधी पडद्याच्या कडेला दिसायचा, कधी एखादं वाक्य बोलायचा. माय त्याला डोंगेवाला म्हणायची. "हा आपल्यातलाच दिसते," ती म्हणायची आणि भाऊ खूश व्हायचा.

एका भागात ठेसनावर रोग पसरतो. औषध आणायला डोंगेवाला जातो आणि त्याचा संदेश मध्येच तुटतो. ठेसनाचा मोठा साहेब काचेतून बाहेर बघत उभा राहतो, वाजंत्री वाजते, भाग संपतो. पुढच्या भागात त्याच्या जागेवर दुसराच चालक. त्यानंतर कोणी त्याचं नावही काढत नाही.

"याच्या घरचे नाई का कोणी?" माय चिडून म्हणाली होती. "माय नाई, बायको नाई?"

"लहान माणूस हाय वो माय," भाऊ म्हणाला. "तेवढ्यासाठी कोण थांबते?"

त्याच वर्षी भात कापून झाल्यावर तो वहिनीला मायपाशी ठेवून गावातल्या टोळीबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेला. आमच्याकडून दरवर्षी जातात लोक. परतीच्या वाटेवर गाडी कुठल्याशा धाब्यावर थांबली, तो चहाला उतरला, आणि गाडी सुटली तेव्हा तो गाडीत नव्हता. कोणाला वाटलं पुढच्या गाडीत बसला असेल, कोणाला वाटलं मागच्या. तक्रार झाली, फोटो चिकटवले, दोनदा मी स्वतः वारंगळपर्यंत जाऊन आले. काही हाती लागलं नाही. टीव्हीवर ती मालिकाही मध्येच बंद पडली, आणि माय म्हणाली, आपला पोरगा अन् डोंगेवाला, दोघंही वाटेतच राहिले.

माझं लग्न चंद्रपूरला झालं, तिथेच इंग्रजीची शिक्षिका म्हणून लागले. एका जुन्या पुस्तकांच्या प्रदर्शनात ढिगातून एक पुस्तक हाती आलं, आणि मुखपृष्ठावर तेच ठेसन. उलटून पाहिलं तर नायक आमचा डोंगेवाला. मला तिथेच रडू आलं, उगाच खोटं कशाला सांगू.

मग कळलं की त्या मालिकेच्या मागे पुस्तकांचं आणि कॉमिक्सचं एक अख्खं जग आहे. मालकी असलेल्या कंपनीच्या परवानगीने वेगवेगळे लेखक ते लिहितात. टीव्हीवर एका वाक्यात उल्लेख झालेल्या युद्धावर तीन-तीन पुस्तकं. साहेबाचं बालपण, निळ्या बाईचं पहिलं लग्न, सगळं. टीव्हीत पैसा कमी, म्हणून तिथले सारे ग्रह एकाच खोलीसारखे दिसायचे. कॉमिक्समध्ये समुद्र काढायला आणि खोली काढायला शाई तेवढीच लागते, म्हणून तिथे समुद्र होते, जंगलं होती, पान भरून जत्रा होत्या. आणि टीव्हीने ज्यांना कडेला उभं केलं होतं, त्यांना तिथे घरदार होतं. लेखकांवर बंधन एकच. पाहुणा जाताना अंथरूण जसं घडी करून ठेवतो, तसं पुस्तक संपताना सगळं टीव्हीने सोडलं होतं तिथे ठेवायचं. साहेबाला मारायचं नाही, ठेसन पाडायचं नाही. पण डोंगेवाल्याकडे टीव्हीचं लक्षच नव्हतं. त्याचं काय करायचं ते लेखकांना मोकळं होतं.

त्यांनी त्याला जगवलं. त्याचं यान पाण्याच्या एका ग्रहावर पडतं. तिथले लोक तळ्यावर घरं बांधून राहतात, ते त्याला वाचवतात. त्याला तिथली भाषा येत नाही, घरी निरोप धाडता येत नाही. तो तिथल्या एका अनाथ मुलीला लेक म्हणून सांभाळतो. एका पुस्तकातून दुसऱ्यात, कॉमिक्समधून कादंबरीत त्याची गोष्ट चालू राहते. मी एकेक मागवत गेले. नवरा म्हणाला, या पैशात फ्रिज आला असता. मी म्हटलं, फ्रिज वाचून दाखवता येत नाही.

रविवारी मी गावी जायची. सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, माय जाळं सांधत बसायची आणि मी पुस्तकातलं इंग्रजी आमच्या बोलीत सांगायची. माय मध्येमध्ये बोलायचीच.

"इतका दूर गेला अन् तिथी बी मासेच खाऊन राह्यला काय?"

"मंग काय पुरणपोळी देतीन त्याले?" मी म्हणायची.

"त्याची बायको काय करून राह्यली तिकडं ठेसनावर?"

तेही पुस्तकात होतं. बायको रोज यानं लागतात त्या फलाटावर येऊन उभी राहते आणि कामाला निघून जाते. हे मी वाचायची तेव्हा वहिनी आत भाकरी थापत असायची. ती कधी बाहेर येऊन बसली नाही. मला वाटायचं तिला यात रस नाही, आणि मनातून मी त्याबद्दल तिच्यावर नाराजही असायची.

वहिनीचं काय चाललं होतं ते मी एकदा पाहिलं. गावातल्या एका लग्नात बायका एकमेकींना हळदकुंकू लावत होत्या. कुंकवाचं बोट घेऊन एक बाई वहिनीपाशी आली आणि थांबली. लावावं की नाही, तिला कळेना. मग वहिनीच बाजूला झाली. इतक्या वर्षांत ती अशी किती वेळा बाजूला झाली असेल, देव जाणे.

आमच्यात हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहतात. त्यानंतर पळसाच्या पानांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला नदीकाठी अग्नी देतात. मग तो माणूस मेला. पुढे तो चालत दारात आला तरी घराला तो मेलेलाच. बारा वर्षं झाली तसा भावकीने विषय काढला. वहिनीच्या भावानेही काढला, तिची वाट तरी मोकळी होईल म्हणून. मायने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पुस्तक संपलं नाई अजून."

लोकांना वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. मी तिची समजूत घालायला गेले. म्हटलं, माय, ती गोष्ट आहे.

"मले मायीत हाय गोष्ट हाय थे," ती म्हणाली. "पण त्या लिवणाऱ्याले कोणी सांगतलं होतं का त्याले जितं ठेव म्हणून? त्याच्या मनात आलं, त्यानं ठेवला. मंग मी काऊन मारू?"

मी पुढचं पुस्तक मागवलं.

मग बातमी आली की इतक्या वर्षांनी ती मालिका पुन्हा सुरू होणार, बंद पडली तिथून पुढे. माय हरखली. मला मात्र फोनवर बातमीचा पुढचा भागही दिसला. कंपनीने जाहीर केलं होतं की मधल्या काळातली पुस्तकं आणि कॉमिक्स नव्या मालिकेला बांधील नाहीत. म्हणजे टीव्ही त्यांना धरून चालणार नाही. टीव्हीने सांगितलं तेच घडलं, बाकी काहीच घडलं नाही. मी ते मायला लगेच सांगितलं. तिला पटेना. आमच्याकडे छापलेलं पक्कं असतं. सातबारा छापलेला असतो, लग्नाची पत्रिका छापलेली असते. टीव्हीवरचं म्हणजे दंडारीसारखं, रात्रीपुरतं सोंग.

"छापून आलं ना?" ती म्हणाली. "मंग आता टीव्हीवाल्यायले तेच दाखवा लागन."

"उलटं असते माय. पुस्तकवाल्याले टीव्हीचं आयकावं लागते. टीव्हीवाला पुस्तकाचं आयकत नाई."

"मंग लिवणाऱ्याची मेहनत?"

"वाया."

तिने माझ्याकडे असं बघितलं की कंपनी जणू मीच चालवते.

पहिला भाग आला त्या रविवारी आम्ही तो माझ्या फोनवर पाहिला. घरात नेटवर्क नव्हतं, म्हणून तलावाच्या पाळीवर चिंचेखाली बसलो. वहिनी पाण्यावर कपडे धूत होती. सुरुवातीलाच ठेसनाच्या लोकांना आभाळात फिरणारं एक जुनं यान सापडतं. दार उघडतात. आत डोंगेवाला खुर्चीत पट्टा बांधून बसलेला, गोठलेला. एकजण यंत्र बघून म्हणतो, पहिल्याच दिवशी गेला. दुसरा त्याच्या हातातली औषधाची पेटी काढून घेतो, कारण पुढच्या गोष्टीला ती पेटी हवी असते. मग नवं संगीत, नवी नावं. सगळं मिळून दोन मिनिटं असेल.

मला इतका संताप आला की फोन तलावात फेकावासा वाटला. अरे, नसतं दाखवलं तर काय बिघडत होतं तुमचं? होता तिथे राहू द्यायचा. एक पेटी पाहिजे म्हणून माणूस मारायचा?

मायने फोनवरून डोळे काढले नाहीत. तशीच म्हणाली, "पयल्याच दिवशी?"

"तसं म्हणून राह्यले."

"अन् थो तळ्यावरचा गाव?"

"तो नाई झाला, माय."

"त्याची लेक?"

"ते बी नाई झाली."

"इतके वर्षं आपण वाचून राह्यलो," ती म्हणाली, "अन् थो तिथी बसूनच होता."

ती उठली, लुगडं झटकलं आणि घराकडे गेली. दुसऱ्या दिवशी बाजारात तिने नेहमीसारखे मासे विकले. आठवडाभराने माझ्या चुलतभावाला बोलावून घेतलं आणि म्हणाली, पळस आणा.

मार्कंड्याला, वैनगंगेच्या वाळूत तो विधी झाला. पळस आमच्या रानात हवा तेवढा, पानांना काय तोटा. भटजींनी देठांचे हातपाय बांधायला सांगितले, तसे चुलतभावाने बांधले. माझा भाऊ उंच होता. तो पानांचा माणूस कमरेएवढाही झाला नाही. मी म्हटलं, अजून पानं घ्या. भटजी म्हणाले, मापाचं काही नसतं ताई. अग्नी दिला तेव्हा ओली पानं आधी नुसती धुपली आणि मग एकदम पेटली. माय रडली नाही. मी रडले. काठावर बायकांनी वहिनीच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. तिने हात पुढे केले होते, कोणाला ओढावे लागले नाहीत.

परतीला आम्ही काळीपिवळीत बसलो. माय पुढे चालकाशेजारी, मी आणि वहिनी मागे. माझ्या पिशवीत डोंगेवाल्याचं शेवटचं पुस्तक होतं. ते मायला वाचून दाखवायचं राहिलं होतं आणि आता ती ऐकणार नव्हती. वहिनीने ते पाहिलं.

"बाई," ती हळूच म्हणाली, "त्या पुस्तकातला थो शेवटी घरी येते का?"

मी चकित झाले. म्हणजे इतकी वर्षं भाकरी थापताना ती सगळं ऐकत होती.

"येते," मी म्हटलं. "लेकीले घेऊन येते."

"बायको ओळखते?"

"लांबूनच. फलाटावर उभी असते थे."

वहिनीने मोकळ्या मनगटांवर पदर ओढून घेतला. बाहेर बांध घातलेली धानाची रिकामी शेतं सरत होती. पुढे बसलेल्या मायने मान वळवली नाही.

"मंग बाई," वहिनी म्हणाली, "आता आला तं थो कोणाच्या घरी जाईन?"