थोरलं, मधलं, धाकटं आणि दिगू

लोकांना वाटतं, बातमीदाराकडचे किस्से पोलीस ठाण्यात नाहीतर तहसील कचेरीत जमा होतात. साफ चूक! तिथे जमतात त्या बातम्या, आणि त्या दुसऱ्या दिवशी शिळ्या होतात. किस्से जमतात जिथे आपण वही न घेता जातो तिथे. कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके मी हयातभर बातमीदार म्हणून पालथे घातले, पण माझे सगळे किस्से जमले एका तळ्याच्या काठावर. तक्रार एवढीच, की त्यातल्या बहुतेकांत दिगू जिंकतो. तरी सांगतो. मी नाही सांगितले तर तो सांगेल, आणि तो जास्त रंगवून सांगतो.

"खालापुरात विंडसर्फिंग? समुद्र कुठाय?" असं विचारणाऱ्यांशी मी अजूनही भांडतो. समुद्र लागत नाही हो! पाणी लागतं आणि वारा लागतो. फळीवर उभं राहायचं, तिच्यावर बसवलेलं शीड आडव्या दांडीला धरून पेलायचं आणि वारा नेईल तिथे न जाता आपल्याला हवं तिथे जायचं. मी कॉलेजात असताना मुंबईत शिकलो. या भागात पहिली फळी मी आणली. मी! हे आधीच सांगून ठेवतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

तळ्याचं नाव मात्र सांगणार नाही. सांगितलं की पुढच्या रविवारी तिथे तंबू आणि स्पीकर हजर.

आम्ही तिघं. मी. सुलभाताई, खोपोलीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या पीटीच्या शिक्षिका. अंगाने काटकुळ्या, आवाज मैदानभर. आणि दिगू. मूळचा पोशीरचा, कर्जतला भातगिरणी, देह गिरणीमालकाला शोभेल असा. तिघंही साठीच्या पलीकडे.

सामान सामाईक आहे. तीन शिडं. सगळ्यात मोठं ते थोरलं, मंद वाऱ्यासाठी. लहान ते धाकटं, जोराच्या वाऱ्यासाठी. आणि मधलं. थोरलं घेतलं नि वारा वाढला, तर ते तुम्हाला उचलून फेकतं. धाकटं घेतलं नि वारा पडला, तर बसा पाण्यात बगळ्यासारखे! शीड एकदा पाण्याला लागलं की त्या दिवशी बदलायचं नाही, हा आमचा नियम.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी शर्यत असते. पलीकडच्या काठाला जाऊन परत यायचं. जिंकेल त्याला वर्षभर 'पहिला हात', म्हणजे शीड निवडायचा पहिला हक्क. दुसऱ्या नंबरला दुसरा हात. शेवटच्याला जे राहील ते. आणि शर्यतीच्या दिवशीसुद्धा पहिला हात जुन्या विजेत्याचाच!

"म्हणजे निवडणुकीत सत्ताधाऱ्यानेच मतं मोजायची!" असं मी अलीकडे बरेचदा म्हणतो.

"नियम तुम्हीच केलाय," सुलभाताई म्हणतात.

केलाय. पण तेव्हा पहिला हात माझा होता. त्यामुळे नियम चांगला होता.

*

दिगू आमच्यात आला तो त्याच्या शेडमुळे. तळ्याजवळ त्याची पोल्ट्री होती. ती बंद पडली, शेड रिकामी झाली आणि आम्हाला सामान ठेवायला जागा हवी होती. शिडांना कोंबड्यांचा वास लागला तो आजतागायत गेलेला नाही.

किल्ली द्यायला आला आणि काठावर बसून बघत राहिला. मग म्हणाला, "पत्रकार, मला पन उभं करून बघ की रं."

मी मनातून खूश झालो. मला स्वतःला फळीवर उभं राहायला अख्खी उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. त्यात हा एवढा देह! मी सुलभाताईंना म्हटलं, "मजा बघा आता."

दिगू फळीवर चढला, शीड ओढून वर घेतलं आणि निघाला. सरळ! पडला नाही, डगमगला नाही. वळता येत नव्हतं म्हणून पलीकडच्या काठाला उतरला, फळी उचलून उलटी फिरवली आणि परत आला.

"कसं जमलं?" मी विचारलं. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला.

"यात काय हाय? गिरनीत पोत्यांच्या थप्पीवर उभा रातो, तसंच हाय की!"

सुलभाताईंनी टाळ्या वाजवल्या. मला शिकताना बघणारं कोणी असतं, तर वाजवल्या असत्या का? विचारायचंच राहिलं.

*

मी वाऱ्याचा अभ्यास करतो. मोबाइलवर दोन अ‍ॅप आहेत. शिवाय हातात धरून वाऱ्याचा वेग मोजायचं एक यंत्र पुतण्याकडून मागवलंय. आमचा वारा सरळ नसतो. दुपारी खाडीकडून येतो, आणि मध्येच लहर लागली की घाटावरून धाडकन खाली उतरतो.

दिगू आल्यानंतरच्या एका रविवारी पहिला हात माझा होता. दोन्ही अ‍ॅप म्हणाली, वारा मंद राहील. यंत्रही तेच म्हणालं. मी ऐटीत थोरलं उचललं. सुलभाताईंचा दुसरा हात, त्यांनी मधलं घेतलं. नवख्या दिगूला राहिलं धाकटं.

"वाईट वाटून घेऊ नकोस," मी त्याला म्हटलं. "आज तुझा वेळ पोहण्यात जाईल."

तळ्याच्या मध्यावर होतो आणि घाटावरचा वारा आला. पुढचं मला नीट आठवत नाही. मी, फळी आणि थोरलं तिघंही पलीकडच्या बेशरमीच्या झुडपांत होतो आणि एक म्हैस माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात समोरून धाकटं शीड सपकन गेलं. दिगू! मागे फेस उडत होता.

जाता जाता ओरडला, "पत्रकार, काय बातमी?"

*

त्याच वर्षी मे महिन्यात दिगू शर्यत जिंकला. पुन्हा उरलेल्या शिडावर! पहिला हात त्याच्याकडे गेला. मी दुसरा आलो.

तेव्हापासून दर रविवारी माझ्या जिवाची घालमेल. हा माणूस आकाशाकडे बघत नाही, पाण्याकडे बघत नाही, शेडमध्ये जातो आणि एक शीड उचलून बाहेर येतो. आणि वारा त्या शिडाजोगता येतो!

मला आधी वाटलं, याच्याकडे काहीतरी खूण आहे. बातमीदाराचा स्वभाव, मुळाशी जायचं. चहाच्या गाडीवर गाठलं आणि विचारलं, "आज मधलंच का घेतलंस?"

"दाराजवळ व्हतं."

पुढच्या रविवारी विचारलं, "आज थोरलं का?"

"धाकट्यावर पाल बसलेली."

मी चाळीस वर्षं पुढाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या आहेत. खोटं बोलणारा माणूस मला कळतो. दिगू खोटं बोलत नव्हता. ते जास्त लागलं!

*

एक गोष्ट तरी माझ्याकडे असावी आणि त्याच्याकडे नसावी, म्हणून मी परदेशी पट्टा मागवला. कमरेला बांधायचा, पुढे आकडा असतो. तो दांडीच्या दोरीत अडकवला की हातांवरचा भार कमरेवर येतो. या वयात खांदे वाचतात.

पहिल्याच दिवशी मी पडलो आणि आकडा सुटेना. शिडाखाली अडकून तळ्याचं बरंचसं पाणी पिऊन वर आलो.

सुलभाताई म्हणाल्या, "पट्टा परदेशी, पोट देशी. ओळख व्हायला वेळ लागायचाच."

पुढच्या रविवारी दिगू आला तो ट्रकवरचा माल आवळायचा पट्टा कमरेला बांधून. साजगावच्या एका वर्कशॉपमधून त्याला लोखंडी आकडा जोडून आणला होता. मी पोट धरून हसलो. मग तो दुपारभर त्या पट्ट्यावर रेलून फिरला, एका हाताने दांडी धरून आणि दुसऱ्या हाताने शेंगदाणे खात!

सुलभाताईंनी लगेच त्याला तसाच पट्टा करून आणायला सांगितलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "ताई, माझा घ्या ना. फुकट घ्या!"

"नको," त्या म्हणाल्या. "तुमच्या पट्ट्याला बुडायची सवय आहे."

*

आता हा किस्सा सांगताना अजूनही माझा रक्तदाब वाढतो.

आमच्या पेपरच्या मुंबईच्या डेस्कवरून फोन आला. "सर, तुमच्या भागात म्हणे साठीचे लोक विंडसर्फिंग करतात? फोटोसकट स्टोरी द्या ना."

मी म्हटलं, "अगं, मीच करतो!"

"सो स्वीट, सर! पण बातमीदार स्वतःवर स्टोरी कशी करणार? दुसरं कोणी आहे का?"

दुसरं कोणी! सुलभाताईंनी नकार दिला. त्यांना फोटोचा तिटकारा. राहिला कोण?

तर दिगूची स्टोरी मी लिहिली. माझ्या पेनाने! 'वाऱ्याशी मैत्री', 'वयाला वाकुल्या', जे जे मी स्वतःसाठी राखून ठेवलं होतं ते सगळं त्याच्यावर खर्च केलं. शेवटच्या परिच्छेदात फक्त, या भागात हा खेळ कोणी आणला, एवढं विनम्रपणे नमूद केलं. नाव तिसऱ्या पुरुषात.

सकाळी पेपर उघडला. जाहिरात आली होती. शेवटचा परिच्छेद कापला होता.

फोटोत दिगू अर्धं पान. उजव्या कोपऱ्यात दांडी धरलेला एक हात. तो हात माझा!

दिगूने ते पान फ्रेम करून गिरणीत लावलं. भात घेऊन येणारा प्रत्येक जण विचारतो, "शेठ, ह्यो हात कोनाचा?"

"आमच्या पत्रकाराचा," दिगू अभिमानाने सांगतो. "लय मदत करतो आमाला."

*

घरी मी हे सगळं बोललो. बायकोने ऐकून घेतलं. दिगूकडून नव्या भाताचे तांदूळ आलेले होते, ती ते निवडत होती.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्ही रविवारी जाता ते वारा बघायला की दिगूभावजींना बघायला?"

भात शिजेपर्यंत मी पेपर वाचत बसलो. ताटात भात वाढला गेला. भात चांगला होता, हे त्याहून वाईट!

*

आणि आता यंदाची शर्यत.

सहाव्या दशकात... नाही, सातव्या दशकात असलेल्या माणसाला असं काही मनाला लावून घेणं शोभत नाही, हे मला कळतं. तरी महिनाभर मला दुसरं काही सुचत नव्हतं. पहिला हात परत हवा होता. मरायच्या आधी एकदा तरी शेडच्या दारात मला पहिलं उभं राहायचं होतं.

रविवार उजाडला तो कोंदट. माथेरानच्या बाजूला ढग थिजल्यासारखे उभे. तळ्यावर सुरकुती नाही. थोरल्याशिवाय हलणं अशक्य, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. आणि पहिला हात दिगूचा. म्हणजे थोरलं गेलंच!

दिगू शेडमध्ये गेला. बाहेर आला. हातात धाकटं!

याला काहीतरी कळलंय! घाटावरून येणार, आता येणार! दुसरा हात माझा. थोरलं घ्यावं की मधलं? थोरलं घेतलं आणि तो वारा आला, तर पुन्हा झुडपं, पुन्हा म्हैस. मी दोन्ही अ‍ॅप पाहिली, यंत्र वर धरलं, घाटाकडे पाहिलं, दिगूच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड नेहमीसारखंच.

"पत्रकार, उरका," सुलभाताई म्हणाल्या. "पाऊस यायचा."

मी थोरलं उचललं.

वारा आला नाही. जी झुळूक होती ती होती, आणि ती थोरल्याला पुरली. सुलभाताई मधल्यावर माझ्या मागोमाग, बारीक अंगामुळे त्याला जड होत नव्हत्या. दिगू मध्यावर पोचला आणि थांबला. फळीवर मांडी घालून बसला, धाकटं पाण्यावर आडवं.

मी पलीकडच्या काठाला वळलो. परतताना त्याच्या अगदी जवळून निघालो, मुद्दाम. इतक्या वर्षांनी त्याचं हरलेलं तोंड मला जवळून बघायचं होतं.

दिगू डोळे मिटून बसला होता. माझी चाहूल लागली तसा एक डोळा उघडून म्हणाला, "जरा सावकाश जा की रं. थोरल्याची सावली लय बरी वाटती."

मी जिंकलो. सुलभाताई अर्ध्या फळीने मागे. दिगू हाताने वल्हवत जवळच्या काठाला लागला आणि धाकटं खांद्यावर टाकून, फळी ओढत, काठाकाठाने चालत आला.

"धाकटं का घेतलंत हो?" सुलभाताईंनी विचारलं.

"घ्यावं वाटलं."

पुढच्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. दिगूने शेडचं दार उघडलं आणि बाजूला झाला. आत तिन्ही शिडं ओळीने. बाहेर वारा, कधी खाडीकडून, कधी घाटावरून. पहिला हात माझा! मी थोरल्याला हात लावला, काढला. मधल्याला लावला, काढला. मागे सुलभाताई घड्याळ बघत होत्या. दिगू चौकटीला टेकून शेंगदाणे खात होता.

शेवटी मी मागे न बघता विचारलं, "दिगू, आज तू कोणतं घेतलं असतंस?"

"मी?" तो म्हणाला. "तू ठिवशील ते!"