नातीच्या हातचा रोडगा

आज चंपाषष्ठी. शेजारच्या सदाशिवरावांची चिमुरडी नात भरीत-रोडग्याचे ताट घेऊन दारात उभी राहिली आणि भाजलेल्या वांग्याच्या त्या वासाने मला देगलूरच्या याच अंगणातली बालपणीची चंपाषष्ठी आठवली.

तेव्हा आमच्याकडे खंड्या नावाचा कुत्रा होता. माझी चार वर्षांची बहीण शकू त्याचे कान ओढी, त्याच्या तोंडातली भाकर काढून घेई. तो डोळे मिटून पडून राही. मोठ्या माणसाचा मात्र तो आधी हात हुंगे, आणि परक्या हातचे कधीच खात नसे. आमच्या हद्दीचा दगड सरकवू पाहणाऱ्या सदाशिवरावांना त्याने पळवून लावले होते.

चंपाषष्ठीला खंडोबाचा म्हणून कुत्र्याला घास देतात. सदाशिवराव कुंपणावरून वाकून शकूच्या हातात रोडगा ठेवत म्हणाले, "शकू माय, देवाचं कुत्रं हाय. तुझ्या हातानं चार त्याला."

शकूच्या हातातला रोडगा खंड्याने न हुंगताच खाल्ला. संध्याकाळच्या आत तो तडफडून मेला. "म्या दिलं म्हणून का रे, दादा?" असे शकू कित्येक दिवस विचारत होती. साक्षीदार ती एकटीच. चार वर्षांच्या मुलीची साक्ष कोणीही ग्राह्य धरली नाही.

"आज्जा म्हणलाय, हद्दीच्या मोजणीचा अर्ज माघारी घ्या," दारातली नात पढवल्यासारखे बोलली.

मी तिच्या हातावर पेढा ठेवला आणि ताट न शिवता परत केले.

"आज्जाला सांग, माय, मोजणीला स्वतः या. लेकराच्या हातानं काही पाठवू नका."