बायकोची शेवटची आंघोळ

बायको गेली तेव्हा आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या फ्लॅटवर शेजारच्या बायका तिला गुस्ल, म्हणजे शेवटची आंघोळ, घालायला आल्या. त्यातली एक मला म्हणाली, "चाचा, अब हाथ मत लगाना. मौत के साथ निकाह खतम." माझं डोकंच फिरलं. लकवा झाल्यापासून तिला रोज मीच आंघोळ घालत होतो. परक्या हातांची तिला लाज वाटायची.

मी फार शिकलेला नाही, वाद कशाच्या जोरावर घालणार? तडक मशिदीत गेलो आणि मौलवीला म्हणालो, "असला कायदा असेल तर मला नको."

पोरगेलाच होता, पण रागावला नाही. "चाचा, गाँव कौन सा?" म्हणाला. मी म्हटलं, कोकण. "फिर तो आप शाफई हैं," म्हणत त्याने मोबाइलवर शेकडो वर्षांपूर्वीची किताब उघडली. शाफई आणि हनफी हे आमच्या धर्मकायद्याचे दोन पंथ; कोकणातले आम्ही शाफई, दिल्लीत बहुतेक हनफी, तोही हनफीच. त्यांच्यात नवऱ्याला मनाई, आमच्या इमामांनी मात्र परवानगी दिलेली. पैगंबरसाहेबांच्या लेकीलाही तिच्या नवऱ्यानेच आंघोळ घातली, असं त्याने वाचून सांगितलं. स्वतःची वाट बाजूला ठेवून माझी वाट शोधून देणारा असा विद्वान मी दुसरा पाहिला नाही.

घरी येऊन त्याने बायकांना समजावलं. मग बंद दाराबाहेर बसून मला सांगत राहिला, आधी उजवी बाजू, मग डावी. मी रोजच्यासारखं पाणी कोपराने पाहिलं. जरा कढत होतं. गार मिसळलं, मग ओतलं.