देवाला आई म्हणणाऱ्या रूथताई

डाळ फोडणीला टाकत होते, तेवढ्यात बुलढाण्याच्या दवाखान्यातून रूथताईंच्या मुलाचा फोन आला. "मावशी, आई गेली..." एवढंच. काही आठवडे उलटले, तरी संध्याकाळ झाली की कान त्यांच्या दाराकडे लागतात.

नांदुऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. आम्ही बौद्ध, त्या ख्रिस्ती. तरुणपणी त्या धर्मशास्त्र शिकल्या होत्या, हिब्रू वाचायच्या, आणि मंडळीच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, उपासनेत प्रार्थना चालवायच्या. ओट्यावर मेथी निवडता निवडता मला सांगत, "हिब्रूत दया अन् गर्भाशय एकाच धातूतून आले. तिथं आत्माही स्त्रीलिंगी हाय. देव आपल्याजवळ वस्तीले असते, त्याले ज्यू लोक शखिना म्हणतेत, तेही स्त्रीलिंगीच."

"मंग देव बाई हाय का, ताई?"

"नाई वं! बाईही नाई, बाप्याही नाई. आपली भाषाच तोकडी पडते. पण तुमच्यात तर देवच नाई, तू काऊन एवढी विचारात पडली?" आणि आम्ही दोघी हसत सुटायचो.

मग ते दफन आलं. शमुवेलकाका मंडळीच्या पंचांपैकी एक. त्यांची एकुलती लेक पहिल्या बाळंतपणात गेली, बाळही वाचलं नाही. तिची आई मार्थाकाकू दगडासारख्या उभ्या होत्या, डोळ्यांत टिपूस नाही. रूथताईंनी काकूंना जवळ ओढलं आणि प्रार्थना सुरू केली. 'हे पित्या' म्हणायच्या जागी त्यांच्या तोंडून निघालं, "हे आई, तुही लेक तुह्या कुशीत घे..." काकूंनी तेव्हा हंबरडा फोडला.

पंचांची बैठक बसली. शमुवेलकाकाच कडाडले, "प्रभूनं पिता म्हणायले शिकवलं. ते बदलणाऱ्या तुम्ही कोण?"

"पिता मी काढून नाई टाकला, काका. पण त्या दिवशी काकूले आई पाह्यजे होती."

उपासनेत ताईंचं प्रार्थना चालवणं बंद झालं. त्या शेवटच्या बाकावर बसू लागल्या. मी चिडून म्हणाले, "सोडा ना ती मंडळी!" तर म्हणाल्या, "घर कोनी सोडते का? आपल्याकडं बाप्या संतांले माउली म्हणतेत, कोनाले खटकत नाई. इथंही होईन सवय." वर्षं गेली, सवय काही झाली नाही. पण रविवारी दुपारी मार्थाकाकू मागच्या दारानं यायच्या, आणि भिंतीपलीकडून दोघींचा हलका आवाज ऐकू यायचा, "हे आई..."

ताईंच्या दफनाला पाळकांनी रीतीप्रमाणे पित्याची प्रार्थना केली. माती लोटायच्या आधी मार्थाकाकू पुढे झाल्या. "हे आई..." म्हणाल्या आणि थांबल्या. सगळे काकांकडे पाहू लागले. ते मान खाली घालून उभे होते. काकूंना पुढचे शब्द फुटेनात, तेव्हा काकांनीच पुरे केले, "...तुही लेक तुह्या कुशीत घे." हे ऐकायला ताई हव्या होत्या.

माझे गुडघे आता दुखतात. ओट्यावरून उठताना "आई गं!" निघतंच तोंडातून. ताई दरवेळी हसून म्हणायच्या, "झाली तुही प्रार्थना." परवा उठताना तसंच निघालं... आणि मी भिंतीला हात टेकून, त्यांच्या उत्तराची वाट पाहत, कितीतरी वेळ उभी राहिले.