पिळलेला पट्टा

“लावू दे तिला हात. मागच्यानं मशीनची एवढी वाट लावून ठेवलेली हाय, ही आणखी काय बिघडवणार?”

हे माझे सासरे सासूबाईंना सांगत होते. मी मोरीत भांडी घासत होते आणि नळाचं पाणी गेलेलं होतं, एवढंच त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मी ऐकावं म्हणून काही ते बोलले नव्हते. पण लग्नाला दोन महिने झालेल्या सुनेला भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता हा किस्सा माझ्याच फजितीचा आहे. तेव्हा आधी थोडं स्वतःचं कौतुक करून घेते. नंतर तोंड राहणार नाही.

मी उमरोळीची. पालघरला आयटीआयमध्ये टर्नर झाले, बोईसरच्या एका कारखान्यात तीन वर्षं लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशीनवर, उभी राहिले, आणि लग्न होऊन चिंचणीला आले. बाबा, म्हणजे सासरे, बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. साधा एक बुश, म्हणजे फिरत्या शाफ्टवर बसणारा पितळी नळा, कातायचा तरी बोईसर गाठावं लागायचं. म्हणून त्यांनी तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडून त्यांचा जुना लेथ विकत घेतला. तो आला तेव्हा मी पाचपरतावण्याला माहेरी होते. मी परत येईपर्यंत बाबांनी तो एकदा चालवला होता, एकदा अडकवला होता, आणि वर गोणपाट टाकून त्याचं तोंड बघणं सोडलं होतं.

“सोमवारी भंगारवाल्याला बोलावतो,” असं ते रोज म्हणायचे. सोमवार काही उजाडत नव्हता. पण मग हरेश्वर नाखवांच्या बोटीचा बुश झिजला आणि बाबांनी शब्द दिला, “रविवारी या, आपल्याच मशीनवर कातू.” घरात येऊन आम्हाला म्हणाले, “चाललं तर चाललं. नायतर सोमवारी खरंच भंगार.”

म्हणजे मशीन गेलं की मी उरले फक्त भाकऱ्यांपुरती. भाकऱ्या मला येतात. पण गोल म्हणाल, तर माझ्या हातून लेथवरच येतं.

मी गोणपाट काढलं. काय सांगू, मिस्त्रींनी त्या मशीनवर जे जे केलं होतं ते बघून आधी हसू आलं, मग थोडी भीती वाटली. पुढच्या स्लाइडचं हँडल तुटलं होतं, तिथे सायकलचं पेडल. स्लाइड हलते म्हणून फटीत काडेपेटीचा पुठ्ठा. तेलाच्या भोकात अगरबत्तीची काडी. मोटर पिठाच्या गिरणीची. एक दांडी जागेवर राहात नाही म्हणून सायकलच्या ट्यूबने बांधलेली, अगदी घोंगडी बांधावी तशी.

आठ दिवस लागले. पुठ्ठा काढला, तिथे नीट पट्टी घासून बसवली. तेलाची भोकं तारेने साफ केली. पेडल गेलं, हँडल आलं. चक, म्हणजे पितळ-लोखंड धरून फिरवणारा गोल जबडा, काढून त्याचे आटे असे धुतले की त्यात तोंड दिसावं. हातात अजून हिरवा चुडा होता आणि आई, म्हणजे सासूबाई, तो काढू देईनात. चुडा घालून मशीनजवळ कसं जायचं? मग ती काढलेली सायकलची ट्यूब कापली आणि चुड्यावर घट्ट चढवली. मिस्त्रींच्या जुगाडांना हसताना आपण त्यांचीच ट्यूब मनगटावर मिरवतोय, हे तेव्हा काही मला दिसलं नाही.

सगळ्यात शेवटी पट्टा. मोटरवरून चककडे जाणारा चामडी पट्टा मध्येच पिळलेला होता, आठाच्या आकड्यासारखा. आयटीआयमध्ये आमचा पट्टा कसा सरळ, शिस्तीत असायचा. म्हटलं, मिस्त्रींनी घाईत उलटा घातला आणि तसाच ठेवला. मी पीळ काढला, मोटर दोन बोटं मागे सरकवून पट्टा ताणला. बघत राहावं असं दिसत होतं.

आता चालवून बघायचं, बरोबर? कोणीही हेच करेल.

पण बाबांनी दारातूनच बजावलं, “रविवारी नारळ फुटल्याशिवाय बटन दाबायचं नाय हां. दुरुस्त झालेलं मशीन हाय, पहिला नारळ.”

बाबा, आधी चालवून बघावं लागतं, मग नारळ. असं मी म्हणाले. मनात. मनात मी फार बोलते.

रविवारी शेडमध्ये सगळे जमले. नाखवा बुशाचं पितळ पिशवीत आणि बोटीचा शाफ्ट खांद्यावर घेऊन आले. माझा नवरा जयेश तारापूरहून रात्रपाळी करून आला आणि न झोपता उभा राहिला. बाबांनी मिस्त्रीचाचांनाही मुद्दाम बोलावलं होतं. “बघू दे त्यांना, मशीन कसं ठेवतात ते.” आईंनी हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचा हार थेट चकवर चढवला. फिरणाऱ्या चकवर हार! मी तोंड उघडणार, तेवढ्यात नारळ फुटला आणि बाबांनी बटन दाबलं.

चक त्याच्या आट्यांवर बसतो, बाटलीच्या झाकणासारखा. सुलटा फिरला की घट्ट होत जातो. उलटा फिरला तर? आट्यांना तेल कोणी दिलं होतं? मीच. तोंड दिसेल इतके स्वच्छ कोणी केले होते? मीच.

मशीन गर्रकन उलटं फिरलं. चक सुटला, खालच्या फळीवर धप्पकन पडला, तिथून जमिनीवर आला आणि हारासकट डुलत डुलत मिस्त्रीचाचांच्या चपलेपाशी जाऊन थांबला. जुन्या मालकाकडे परत निघाला असावा.

बाबांनी बटन बंद केलं. मग सगळेच बोलायला लागले.

“नारळ नासका होता काय?” आई.

“नारळ चांगला होता. मशीन नासकं हाय. चाचा, काय गळ्यात मारलंत तुमी माझ्या?”

“अरे भाऊ, मी बारा वर्षं चालवला. एक बार भी चक गिरा नहीं.”

“आमच्याकडे पहिल्याच दिवशी कसा पडला मग? माझी सून आठ दिवस खपलीय त्याच्यावर.”

“रात्री उठून आटे साफ करायची,” जयेश म्हणाला. हे खोटं होतं, मी रात्री छान झोपत होते.

“मी आपला बोईसरला जातो,” म्हणत नाखवांनी पितळ परत पिशवीत टाकलं.

“थांब नाखवा. चाचा, उद्या टेम्पो बोलावतो. घेऊन जा तुमचं मशीन परत.”

एवढी बाजू माझी लग्नाच्या बैठकीतही कोणी घेतली नव्हती. आणि एकेका शब्दागणिक मी भिंतीत शिरत होते. कारण चाचांची नजर आता पट्ट्यावर गेली होती. सरळ पट्ट्यावर. तिथून ती माझ्या मनगटावरच्या ट्यूबवर आली. ट्यूब त्यांनी ओळखली. पण म्हाताऱ्याने नुसतं बोटाने हवेत आठ काढला.

तेव्हा मला कळलं. मोटर पिठाच्या गिरणीची, फिरते उलटी. उलट्या मोटरीला पिळलेला पट्टा, म्हणजे चक सुलटा.

मी पुढे झाले. मेन बंद केला, मोटर पुढे सरकवली, पट्टा मोटरीवरून उतरवून पीळ दिला आणि परत चढवला. हार काढून आईंच्या हातात दिला. जयेशने चक उचलून दिला, तो बसवला. हाताने सगळं फिरवून बघितलं. नाखवांच्या पिशवीतून पितळ घेतलं, चकमध्ये आवळलं, सगळ्यांना हातानेच मागे सारलं आणि बटन दाबलं.

आणि हे मला सांगायलाच हवं, मशीन असं चाललं, असं चाललं, की कुठे थरथर नाही, कुठे कुरकुर नाही. पितळेचा पिवळा चुरा तांदळासारखा सांडत होता. नाखवांनी बुश शाफ्टवर घालून बघितला. बोटाने ढकलला तर जाऊन बसला, ना ढिला, ना घट्ट. त्यांनी तो परत काढला आणि पुन्हा घातला, नुसतं मजा म्हणून.

बाबांची छाती शर्टात मावेना. “बघितलंत चाचा? तुमी बिघडवून दिलेलं माझ्या सुनेनं उभ्या उभ्या नीट केलं.”

चाचा हसले. “हां भाऊ. बहू हुशार है.”

एवढंच. म्हातारा माझं पाप पोटात घालून, बोलणी खाऊन, चहा पिऊन निघून जाणार होता. भंगारवाला टळला होता, बुश झाला होता, मी गप्प राहिले असते तर कोणाला काय कळणार होतं? आणि गप्प राहणं तर मला छान जमतं.

मी कपबशी खाली ठेवली.

“बाबा, त्या दिवशी तुम्ही आईंना म्हणालात ना, ही आणखी काय बिघडवणार? चाचांच्या मशीनमध्ये एकच गोष्ट बरोबर होती. ती मी दुरुस्त केली.”